शिकाऊ वल्ह्यानं मामीच्या काठाला

सोलापूरकडचा माणूस नाव चालवायला शिकतोय म्हटलं की ऐकणारा आधी हसतो. हसू दे. आमच्याकडं नळाला पाणी यायचं म्हटलं की माणसं कामावर रजा टाकतात. अशा मुलखात मी तीन दिवस पाण्यावर बसून आलो, तेही सत्तरीला टेकलेला असताना आणि गुडघे कुरकुरत असताना. जे गेले नाहीत त्यांच्यासाठी लिहितो. शाळा चौथीपर्यंत झाली. जसं बोलतो तसं लिहीन. गोड बोलायची सवय नाही.

मी सिद्राम, मंद्रूपचा. आमच्या भागात गुऱ्हाळं होती तेव्हा मी गुळव्या होतो. उसाचा रस काहिलीत आटवायचा, पाक कधी उतरवायचा ते नजरेनं ठरवायचं, हे माझं काम. पुढं गुऱ्हाळं मोडली आणि मी चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून उभा राहिलो. आता घरीच असतो. गेल्या आखाडात बायको गेली. गौरा. थोडा ताप होता, मग ताप उतरला, आम्ही म्हटलं बरी झाली, आणि ती गेली. त्यावर जास्त लिहीत नाही.

मला या प्रवासाला ओढून नेलं ते इस्माईलनं. इस्माईल शेजारी राहतो, टेंपो चालवतो. त्याच्या टेंपोतनं बाजाराचा कांदा जातो, लग्नाची भांडी जातात, आणि यंदापासून सोलापूरच्या एका पोरीच्या नावा जायला लागल्या. थंडीतली सकाळ होती. दारात टेंपो लावून हॉर्न दाबून बसला.

"क्या रे सिदराम, चूल पेटली का आज?"

"भूक न्हाय."

"भूक नहीं तो मत खा. मला दोऱ्या बांधायला माणूस पायजे. तीन दिवस. बैठ गाडी में."

"मी न्हाय येत."

"तेरी भाभी ने ढीगभर भाकऱ्या बांधल्यात. मी एकटा खाऊ क्या? फट के मर जाऊंगा."

बसलो. मागं हौद्यात लांबलांब प्लास्टिकच्या नावा, पिवळ्या आणि नारंगी, एकावर एक रचलेल्या. वाटेत सिग्नलला एक पोरगं विचारतं, काका ह्या घसरगुंड्या कुठल्या बागेत बसवणार?

शहरातला तलाव

पहिल्या दिवशी शिकवणी सोलापुरातल्या तलावावर होती. पंधरा-वीस माणसं जमलेली. बँकेतले, कॉलेजातले, एक डॉक्टरीणबाई, पुण्याहून आलेलं एक जोडपं. सगळ्यांनी तोंडाला पांढरं मलम फासलेलं, ऊन लागू नये म्हणून. सोलापुरात राहून ऊन लागू नये! मी इस्माईलकडं बघितलं. इस्माईलनं वर आभाळाकडं बघितलं.

शिकवणारी पोरगी म्हणजे लावण्या. टॉवेल विणणाऱ्या घरातली. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी, इस्माईलशी हिंदी. अंगानं काडी, पण आवाज असा की पलीकडच्या काठाचे बगळे उडाले. "घरात माग चालू असतात काका, तिथं हळू बोललं तर जेवण बी मिळत नाही," म्हणाली.

तिनं दोन प्रकार दाखवले. एक पॅडलबोर्ड. म्हणजे हवा भरून फुगवलेली लांबरुंद फळी. आधी तिच्यावर गुडघ्यावर बसायचं, तोल आला की एकेक पाय उचलून उभं राहायचं आणि लांब दांड्याच्या वल्ह्यानं पाणी मागं सारायचं. नजर लांब ठेवायची. पायाकडं बघितलं की माणूस पाण्यात. दुसरी कयाक. ही निमुळती नाव, बुडाला बसायचं, पाय पुढं पसरायचे. वल्ह्याच्या दोन्ही टोकांना पाती. एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं. जोर हाताचा लावायचा नाही, कमरेचा लावायचा.

दोन माणसांच्या एका कयाकमधला माणूस आलाच नव्हता. लावण्यानं सगळीकडं बघून झाल्यावर माझ्याकडं बघितलं. मी दोऱ्या सोडत होतो.

"काका, पोहता येतं?"

"नदीकाठानं वाढलोय."

"मग पुढं बसा की. मागं मी बसते."

"ह्या वयात काय करायचंय आमाला."

"आज तलाव, उद्या वडकबाळला सीनेत, परवा संगमावर. मजा येईल."

संगम म्हटल्यावर माझ्या हातातली दोरी हातातच राहिली. सीना भीमेला मिळते तो संगम. त्याच्या समोर, भीमेच्या पलीकडं, कर्नाटकात माझी सासरवाडी. गावाचं नाव लिहीत नाही. का ते पुढं कळेल.

गौरा माझ्या मामाची मुलगी. म्हणून सासू म्हणजे माझी मामी. मामा कधीच गेला. मामी नव्वदीच्या पुढं, डोळ्यांनी जवळजवळ आंधळी, कान मात्र शाबूत. गौरा गेली तेव्हा मेव्हणा गुरप्पा एकटाच आला आणि माझा हात धरून म्हणाला, "दाजी, आईला सांगितलं न्हाय. सांगितलं तर ती बी जाईल." मग मामीला सांगतात काय? तर नदीला पाणी आहे. आखाडात पाणी होतंच. पण पाऊस संपला, दिवाळी झाली, संक्रांत झाली, तरी मामीच्या घरात नदी भरलेलीच. पूल होऊन जमाना झाला, पण मामीनं तो बघितला नाही आणि मनावरही घेतला नाही. तिच्या डोक्यात लेक पाण्यावरनंच येते. लेक का आली नाही? पाणी आहे.

आणि मला गुरप्पानं फोनवर बजावलेलं, "दाजी, तुमी मातूर येऊ नगा. तुमच्या तोंडात तीळ भिजत न्हाय."

खरं आहे, भिजत नाही. पण मला हे पटत नव्हतं. आईला लेकीसाठी रडायचा हक्क आहे की नाही? गौरासाठी रडणारी माणसं आधीच थोडी. त्यातलं सगळ्यांत मोठं माणूस तिकडं शेंगा फोडत लेकीची वाट बघत बसलंय. हे काय दुखवट्याचं रूप झालं? मी तिथंच ठरवलं. संगमापर्यंत जायचं, पलीकडं जायचं, मामीसमोर बसायचं आणि सांगून टाकायचं.

"बसतो," मी म्हणालो. इस्माईलला वाटलं माझा शोक संपला. त्यानं टाळी वाजवली.

नावेत पाय ठेवायच्या आधी मी चपला काढल्या.

"काका, बूट घाला. खाली काचा असतात."

"नावेत पायताण?"

"हो, मग?"

मला ते होईना. आमची नाव म्हणजे काहील. रस आटवायची ती भली मोठी उथळ कढई, चार माणसं आरामात बसतील एवढी. नदी भरली की गुऱ्हाळावरची काहील पाण्यात लोटायची आणि पलीकडं जायचं. ज्यात गूळ शिजतो त्यात पायताण कोण घालील? मी तसाच उभा. शेवटी काठावरनं इस्माईल ओरडला, "अरे बाबा, इसमें गूळ नहीं पकानेका!" सगळी हसली. घातले बूट.

धोतरही सोडावं लागलं. इस्माईलनं पुतण्याची पँट आणलेली, बाजूला पट्टे असलेली. ती घालून मी कसा दिसत होतो ते लिहीत नाही. पुण्याच्या बाईंनी फोटो काढला आहे.

मग चुकलो ते वल्ह्यात. काहील गोल असते, तिला तोंड नसतं. वल्हं पुढं खुपसून पाणी आपल्याकडं ओढायचं, नाहीतर ती जागेवरच भिंगरीसारखी फिरते. माझ्या अंगात तेच. कयाकमध्ये बसलो, पुढं वाकलो, वल्हं खुपसलं आणि ओढलं. नाव आडवी झाली आणि आम्ही दोघं तलावात. लाईफ जॅकेट असतं, त्यानं माणूस बुचासारखा वर येतो. पाणी तोंडात गेलं. चव विचारू नका.

लावण्या केस झटकत वर आली. "काका! हे कुठं शिकलात?"

"काहिलीत."

"विसरा आता ती."

परत चढायचं कसं तेही तिनं शिकवलं. आधी पोटावर आडवं पडायचं, मग पाय आत घ्यायचे. म्हटलं, म्हशीवर चढतो तसं सांग की सरळ. मग जमलं.

काहील विसर म्हणणं सोपं आहे. लग्न झाल्यावर पहिल्यांदा गौराला घेऊन आलो ते काहिलीतनं. मी वल्हं मारत होतो, ती समोर पाय दुमडून बसलेली. मला तेव्हा नीट येत नव्हतं, काहील गरागरा फिरायची. गौरा रडत निघालेली. मग कधी माहेर समोर येई, कधी सासर समोर येई, आणि तिला हसू फुटलं. "अवं, एकदा काय ते ठरवा की, कुटं न्यायचंय मला," म्हणाली. लग्नानंतर माझ्याशी बोललेलं ते तिचं पहिलं वाक्य.

कयाकमध्ये दोघं एकामागं एक बसतात. मागचं माणूस दिसत नाही. वळून बघितलं की तोल जातो. मागं कोणीतरी आहे हे फक्त वल्ह्याच्या आवाजानं कळतं. दिवसभर मला त्या आवाजाची सवय करावी लागली.

वडकबाळ

सोलापूरला नदी नाही म्हणतात. मग सीना काय आहे? शहर सोडून विजापूर रस्त्याला लागलं की वडकबाळला ती आडवी येते. थंडीत बंधाऱ्यांनी अडवलेलं पाणी दोन्ही काठांना टेकून असतं. काठानं जोंधळा उभा, कणसं दुधात आलेली, पाखरं हाकायला बांधलेल्या डब्यांचा आवाज. नावेत बसल्यावर हे सगळं खालनं दिसतं. मी ही नदी जन्मभर पुलावरनं बघितली होती. खालनं बघितली तर ती मोठी वाटली.

पुण्याचं जोडपं पॅडलबोर्डवर उभं राहून चाललेलं, दोन बगळे चालल्यासारखं. मलाही लावण्यानं एकदा फळीवर बसवलं. उभं राहायचं गुडघ्यांनी नाकारलं. मी मांडी घातली, पिशवीतनं भाकरी-चटणी काढली आणि मधोमध बसून खाल्ली. पाण्यावर बसून खाल्लेल्या शेंगाचटणीला वेगळीच चव येते. डॉक्टरीणबाई लांबून म्हणाल्या, "काका, बॅलन्स कसला भारी आहे तुमचा!" भूक लागली की बॅलन्स येतो. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच मला भूक लागली होती, हे भाकरी संपल्यावर लक्षात आलं.

एका घाटाला बायका धुणं धूत होत्या. आमची वरात बघून त्यांनी धोपटणं थांबवलं.

"ओ आज्जा! ह्या वयात कुटं निघालाव?"

"सासरवाडीला."

"मग सावकास जावा की! जावयाला कोण हाकलून देत न्हाय."

"न्हाय न्हाय," दुसरी म्हणाली, "ही पँट बघून देतील हाकलून!"

त्या हसल्या, मीही हसलो. हसायच्या नादात पाणी उपसायच्या मोटारीचा दोर आडवा आलेला दिसला नाही. तो नावेच्या नाकाला अडकला, नाव आडवी झाली आणि आम्ही परत पाण्यात. ही दुसरी वेळ. बायकांनी आधी आरडाओरडा केला, मग आम्ही वर आल्यावर हसून हसून पाण्यातच बसल्या. लावण्या म्हणाली, "काका, ह्यावेळी तुमची चूक नाही." म्हणजे मागच्या वेळी होती.

बंधारा आला की नावा उचलून पलीकडं न्यायच्या. ओलं प्लास्टिक, खाली शेवाळ, वर ऊन. कॉलेजातली पोरं पहिल्या फेरीतच धापा टाकायला लागली. पलीकडं एका शेतकऱ्यानं आगटी पेटवली होती. ओळख ना पाळख, त्यानं सगळ्यांना बोलावलं आणि गरम हुरडा हातावर चोळून दिला. पुण्याच्या माणसानं विचारलं, "किती द्यायचे?" शेतकरी म्हणाला, "मोबाईल ठेवा खिशात आणि तोंड उघडा." पुण्यात असं कोणी म्हणालं तर भांडण होईल. इथं तो मान असतो.

दुपारनंतर वारा पडला. बाकीच्या नावा पुढं गेल्या होत्या. माझं वल्हं आता बरं पडत होतं. मागनं लावण्या म्हणाली, "काका, तुम्ही लई लवकर शिकलात. इतकं सरळ वल्हं ह्या पोरांचं बी नाही."

तोंड पुढं होतं म्हणून असेल, मला तिला सगळं सांगता आलं. गौराचं, मामीचं, गुरप्पाच्या नदीच्या पाण्याचं. मागचा आवाज थांबला. ती वल्हं मारायची थांबली होती.

"उद्या सांगणार तुम्ही आजीला?"

"सांगणार. तू मला तेवढं पलीकडं सोड."

मग वल्हं परत पाण्यात पडलं. "नाव मी काठाला लावते," म्हणाली. "पुढचं तुमचं तुम्ही बघा."

संगम

संगमावर सीना संपते, तेव्हा ती संपली असं कळत नाही. काठ दूर सरकतात, एवढंच. एकदम पाणी रुंद होतं, वारा कानाला लागतो आणि नाव थोडी भ्यायल्यासारखी हलते. बाकीची मंडळी अलीकडच्या काठावर, संगमाच्या देवळाजवळ उतरली. इस्माईल रस्त्यानं टेंपो घेऊन आधीच पोचलेला, त्यानं तिथं चूल मांडून वांग्याचं कालवण टाकलेलं. त्याला मी काहीच सांगितलं नव्हतं. आमची नाव भीमेत शिरताना बघून तो ओरडला, "किधर रे? कालवण थंड हो जाएगा!"

"आलोच," मी म्हणालो.

पलीकडचा काठ लवकर येत नाही. दिसतो, पण येत नाही. वाऱ्यानं लाटा अंगावर फुटत होत्या, डोक्यापासनं बुटापर्यंत भिजलो. मी मनात वाक्य जुळवत होतो. मामी, गौरा गेली. एवढंच. दुसरं काही जोडायचं नाही. वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याला ते म्हणत होतो. उजवीकडं मामी, डावीकडं गौरा गेली.

काठावर गुरप्पा उसाला पाणी देत होता. नारंगी जॅकेट घातलेला माणूस आधी त्याला ओळखू आला नाही. आल्यावर त्याच्या हातातलं खोरं खाली पडलं.

"दाजी! तुमी? आन हे काय घातलंय?"

"मामी कुटं हाय?"

"अंगणात. दाजी, पाया पडतो. न्हाय सांगायचं."

"तिची लेक हाय ती. तिला ठाव नगं?"

"ठाव होऊन काय करंल ती? जेवती तेवढं सोडंल. रोज दोन घास जास्ती का खाती, इचारा. गौराक्का आली की तिच्यासंगं चालायला ताकद पायजे म्हणून."

"गुरप्पा, मी खोटं बोलत न्हाय. तुला ठाव हाय."

"म्हणूनच तुमाला येऊ नगा म्हणलं होतं," तो म्हणाला आणि डोळे पुसायला लागला. मी त्याला बाजूला सारून वर चढलो. बुटात पाणी, प्रत्येक पावलाला पचपच आवाज. मागं लावण्या.

मामीचं अंगण

अंगणात ऊन पडलं होतं. मामी भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर सूप, सुपात शेंगा. बोटं चाललेली. मी दिसलो नाही, पण पावलं ऐकली. बोटं थांबली.

"यार?" तिनं कानडीत विचारलं. कोण?

"मी सिद्राम, मामी."

"बा, बा," म्हणाली. म्हणजे ये. "पाणी उतरलं व्हय?"

मी वाक्याला हात घालणार, तेवढ्यात मामीनं मान वळवली. माझ्या मागं दुसरी पावलं वाजली होती. हलकी, बाईची. मामीनं सूप बाजूला केलं. दोन्ही हात पुढं केले.

"गौरा?"

लावण्या जागच्या जागी उभी राहिली. गुरप्पा दारात.

आता सांगतो. मला वाटत होतं मी मामीला सांगायला आलोय. त्या घडीला कळलं की सगळ्या जगात हे एकच अंगण उरलंय जिथं माझी बायको जिवंत आहे. मंद्रूपला तिचं लुगडं घडी घालून ठेवलंय. सोलापुरात तिला कोणी ओळखत नाही. इथं मात्र ती नदीमुळं अडकली आहे, उद्या येणार आहे, तिच्यासाठी कोणीतरी दोन घास जास्त खातंय. आणि मी तिला इथनंही उचलून न्यायला आलो होतो. सत्तरीचा माणूस, पट्ट्याची पँट घालून.

"न्हाय मामी," मी म्हणालो. "ही गौरा न्हाय. ही नाव शिकवणारी पोरगी हाय."

मामीचे हात खाली आले नाहीत. "तू आलास. मग तिला का न्हाय आणलंस?"

हा प्रश्न मी धरलाच नव्हता. खोटं कसं बोलायचं ते मला ठाऊक नाही. म्हणून मी खरंच बोललो.

"मी अजून शिकतोय मामी. नवी नाव हाय. दोनदा उलटलो. तलावात एकदा, सीनेत एकदा."

मामीनं हात आणखी पुढं केला. मी जवळ बसलो. तिनं माझी बाही चाचपली, मग पँटीचा ओला पाय चाचपला, मग डोक्यावरनं हात फिरवला. केसांतनं पाणी गळत होतं.

"भिजलायस की रं सगळा."

"व्हय."

"तुला काहील बी धड येत न्हवती. पोरगी माझी पाण्यावर भिरभिरत नेलीस."

"व्हय."

"मग शिकल्याबिगर तिला बसवू नगंस. माझी पोरगी बुडवशील." मग तिनं तोंड लावण्याच्या दिशेनं केलं. "ए पोरी. किती दिस लागतील ह्याला?"

लावण्यानं माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघितलं. आदल्या दिवशीच हीच पोरगी म्हणाली होती, काका तुम्ही लई लवकर शिकलात.

"आजी," ती म्हणाली, "काका लई हळू शिकतात."

मामी दात नसलेल्या तोंडानं हसली. "ते मला ठाव हाय की."

मग तिनं गौराचं विचारलं. अजून मिरच्या भाजताना खिडकी उघडती का? उघडते म्हटलं. अजून तुझ्यावर वरडती का? रोज म्हटलं. कशापायी? मी चहाची बशी चुलीवर ठेवतो म्हणून. मामी प्रत्येक उत्तराला मान हलवत होती. मी सांगत गेलो. इतक्या महिन्यांत मला कोणी गौराबद्दल असं विचारलंच नव्हतं. सगळे विचारत, कशी गेली. मामी विचारत होती, कशी आहे.

गुरप्पाच्या बायकोनं हुग्गी वाढली. खपली गहू आणि गूळ घालून शिजवलेली, वर तूप. त्यांच्याकडं पाहुण्याला हुग्गी, आमच्याकडं शिरा. लावण्यानं दोनदा घेतली. मी गूळ चाखला आणि म्हटलं, पाक जास्त चढलाय. मामी म्हणाली, "गौरा बी हेच म्हणती."

निघताना तिनं एक पुडी दिली. सोललेल्या शेंगा. "तिला दे. भाजून दे, कच्च्या खाती ती." घेतली.

काठावर गुरप्पा नाव धरून उभा होता. "दाजी," म्हणाला, "तुमी खोटं बोललाव."

"कुटं? दोनदा उलटलो न्हाय काय? इचार हिला."

परतीला वारा समोरनं होता. मागनं वल्ह्याचा आवाज येत होता. मी वळून बघितलं नाही. इस्माईलचं कालवण थंड झालं होतं. त्यानं मला शिव्या दिल्या, मग माझ्या तोंडाकडं बघून परत चूल पेटवली. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

त्यानंतर

त्यानंतर मी दोनदा जाऊन आलो आहे. ज्यांना शिकायचं असेल त्यांनी खुशाल शिकावं. बूट घाला, कंबर वळवा, दोर बघा, आणि सोबत भाकरी ठेवा. आता मी एकट्याची कयाक चालवतो. संगमापासनं पलीकडचा काठ सरळ रेषेत गाठतो, नाव जराही डुलत नाही. लावण्या म्हणते, काका, नवशिक्यांच्या यादीतनं तुमचं नाव काढते. मी तिला म्हटलं, हात लावायचा नाही त्या नावाला.

गुरप्पा म्हणतो, पुलावरनं या, टेंपोनं या, पाण्यात कशाला मरताय? त्याला कळत नाही. रस्त्यानं आलो तर मामी विचारेल, रस्ता आहे तर गौरा कुठं आहे?

म्हणून पाण्यावरनंच जातो. नाव काठाला लावतो, दोर बांधतो. मग अंगणात शिरायच्या आधी परत छातीभर पाण्यात उतरतो, एक बुडी मारतो आणि तसाच निथळत वर चढतो. मामी बाही चाचपते, केसांतनं हात फिरवते.

"अजून न्हाय व्हय आलं तुला?" विचारते.

"न्हाय मामी," मी म्हणतो. "अजून लई कच्चा हाय."